हॅरिस शील्डमधला हॅरिस कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत शाळेकडून क्रिकेट खेळलेल्या पोराला हे नाव तोंडपाठ असतं, माणूस मात्र कुणाला ठाऊक नसतो. तो इंग्लंडचा कर्णधार होता, हौशी खेळाडू होता, स्वयंसेवक घोडदळाचा अधिकारी होता आणि पाच वर्षं आपल्याकडचा गव्हर्नरही होता. त्याच्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे.

हॅरिस शील्ड, दापोडीचा हॅरिस पूल आणि इंग्लंडचा कर्णधार लॉर्ड हॅरिस: तिन्ही एकच का?

एकच. जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस, घराण्यातला चौथा बॅरन. एप्रिल १८९० ते फेब्रुवारी १८९५ या काळात तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. शाळांच्या क्रिकेट स्पर्धेची ढाल आणि मुळा नदीवरचा पूल, दोन्हींना त्याचं नाव मिळालं ते त्या कारकिर्दीमुळे. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर दापोडीपाशी गाडी अडकली की ज्या नावाने आपण बोटं मोडतो, तो हाच.

जन्म कुठला? घराणं कसलं?

जन्म ३ फेब्रुवारी १८५१, त्रिनिदादमध्ये. वडील तिथले गव्हर्नर होते, पुढे मद्रासचेही झाले. आई तो लहान असतानाच गेली. ईटनची शाळा आणि ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च कॉलेज, हा उमरावांच्या मुलांचा ठरलेला रस्ता. १८७२ मध्ये वडील वारले आणि एकविसाव्या वर्षी पोरगा लॉर्ड झाला. त्याच वर्षी डब्ल्यू. जी. ग्रेसबरोबर तो कॅनडा आणि अमेरिकेचा क्रिकेट दौराही करून आला.

घराण्याची गोष्ट मात्र त्रिनिदादहून जुनी आहे आणि ती आपल्या ओळखीची निघते. पणजोबा जनरल जॉर्ज हॅरिस म्हणजे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण घेणाऱ्या इंग्रज फौजेचा सेनापती. टिपू पडला तो याच वेढ्यात. लुटीतला वाटा घेऊन जनरलसाहेब मायदेशी परतले, १८०१ मध्ये केंट परगण्यात बेलमॉन्ट नावाची हवेली आणि जमीन विकत घेतली, आणि १८१५ मध्ये ‘श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर’ असं ठिकाण लावून बॅरन झाले. पणतू ज्या हिरवळीवर बॅट धरायला शिकला ती कुठल्या पैशातून आली, हे त्या पदवीतच लिहिलेलं आहे.

‘हौशी खेळाडू’ म्हणजे पैसे न घेता खेळणारा, एवढंच ना?

शब्दकोशात एवढंच. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये मात्र हौशी ही जात होती.

आपल्याकडच्या जुन्या फौजेतले दोन शब्द घेतले तर हे चटकन कळतं. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. घोडा-हत्यार सरकारातून घेणारा तो बारगीर. लढायचे दोघंही, पण मान शिलेदाराचा. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये हौशी खेळाडू, म्हणजे ‘जंटलमन’, हा शिलेदार आणि पगारी खेळाडू, म्हणजे ‘प्लेअर’, हा बारगीर. दोघांची कपडे बदलायची खोली वेगळी, मैदानात उतरायचा दरवाजा वेगळा, प्रवासातलं हॉटेल वेगळं. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूच्या आडनावाआधी आद्याक्षरं, पगारी खेळाडूच्या नुसतं आडनाव किंवा आद्याक्षरं मागाहून. १९५० मध्येसुद्धा लंडनच्या लॉर्ड्स मैदानाच्या ध्वनिक्षेपकावरून टिटमस नावाच्या पगारी खेळाडूची आद्याक्षरं चुकून आधी छापली गेल्याची दुरुस्ती जाहीर करण्यात आली होती. सामना सोडून ही दुरुस्ती!

उपमा आणखी एका बाबतीत चपखल बसते. शिलेदाराला बारगिरापेक्षा जास्त मिळायचं, कारण घोड्याचा खर्च त्याचा. हौशी खेळाडूंनाही ‘खर्च’ मिळायचा. १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी हौशी ग्रेसने १५०० पौंड घेतले, त्याच संघातल्या पगारी खेळाडूंना मिळाले माणशी दीडशे पौंड आणि वर वीस. पुढे १८९६ मध्ये ओव्हलच्या कसोटीआधी पाच पगारी खेळाडूंनी दहाऐवजी वीस पौंड मागितले तर केवढा गदारोळ झाला.

हॅरिसला मात्र खर्चाच्या पावत्यांची गरज नव्हती. तो खरोखरच स्वतःच्या खिशातून खेळायचा आणि म्हणूनच ही विभागणी त्याला निसर्गनियमासारखी वाटायची. ती १९६२ मध्ये रद्द झाली. तोपर्यंत तो जाऊन तीस वर्षं झाली होती.

खेळाडू म्हणून तो कसा होता? की नुसताच लॉर्ड?

नुसता लॉर्ड नव्हता. खडबडीत खेळपट्ट्यांच्या काळातला चांगला आक्रमक फलंदाज आणि बरा क्षेत्ररक्षक. प्रथम श्रेणीत २२४ सामने, ९९९० धावा, ११ शतकं, सर्वोच्च १७६, सरासरी २६.८५. दहा हजाराला दहा कमी! त्या काळी आकडे कुणी एवढे मोजत नसे, पण आजच्या मुंबईच्या मैदानावर असता तर एखाद्या हितचिंतकाने एक सामना जुळवून दिला असता.

कसोटी सामने चार, चारही कर्णधार म्हणून. दोन जिंकले, एक हरला, एक अनिर्णित. केंटचं कर्णधारपद १८७५ ते १८८९. तिथे तोच खेळाडू निवडायचा, तोच सामने ठरवायचा, तोच पैशांचं पाहायचा.

१८७९ च्या सिडनी दंगलीत नेमकं काय झालं? त्याला खरंच मारलं होतं?

काठीचा तडाखा बसला होता, हो. गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे.

१८७८-७९ मध्ये हॅरिस इंग्लंडचा संघ घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला. संघ सगळा हौशी असावा असा बेत होता, पण एक अडचण आली: गोलंदाजी कोण करणार? घाम गाळायचं ते काम जंटलमन मंडळींना फारसं रुचत नसे. म्हणून यॉर्कशरचे जॉर्ज युलिएट आणि टॉम एमेट असे दोन पगारी खेळाडू बरोबर घेतले. मेलबर्नच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाने दहा गडी राखून धुव्वा उडवला. फ्रेड स्पॉफर्थने तिथेच कसोटीतली पहिली हॅटट्रिक घेतली.

मग ८ फेब्रुवारीला सिडनीत न्यू साऊथ वेल्सशी सामना सुरू होता. स्थानिकांचा लाडका बिली मर्डॉक पहिल्या डावात नाबाद ८२. फॉलोऑन मिळाला, तो पुन्हा खेळायला आला आणि दहा धावांवर धावबाद दिला गेला. निर्णय देणारा पंच जॉर्ज कुल्थार्ड मेलबर्नचा, म्हणजे शेजारच्या व्हिक्टोरिया वसाहतीतला, आणि त्याला बरोबर आणला होता हॅरिसनेच. मुंबई आणि पुण्याच्या सामन्यात पंच कुणी आणला यावरून काय होतं ते आपल्याला सांगायला नको. सट्टेवालेही प्रेक्षकांत होते. बघता बघता दोनेक हजार माणसं मैदानात शिरली.

पंचाला वाचवायला हॅरिस मधे गेला आणि त्याच्या पाठीत काठी बसली. त्याचा सहकारी हॉर्नबी हा मुळात मुष्टियोद्धा गडी. त्याने मारणाऱ्याला बकोटीला धरून फरफटत पॅव्हिलियनपर्यंत नेला, स्वतःचा सदरा फाडून घेतला. यजमान कर्णधाराने पंच बदला म्हणून सांगितलं, हॅरिसने साफ नकार दिला. मैदान सोडलं तर सामना सोडल्यासारखं होईल म्हणून तो गर्दीत उभाच राहिला. या हट्टाला दाद द्यावी लागते. सोमवारी खेळ पुन्हा सुरू झाला आणि इंग्रजांनी एक डाव आणि ४१ धावांनी सामना जिंकला.

त्या दिवशी दुसऱ्या टोकाला पंच म्हणून उभा असलेला तरुण एडमंड बार्टन पुढे ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला.

मग ऑस्ट्रेलियाशी त्याने पुन्हा संबंध ठेवले का?

दंगलीनंतर त्याने मायदेशी पाठवलेलं तिखट पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला आला तेव्हा बडे संघ त्यांना सामनेच देईनात. शेवटी सरे क्लबचा चिटणीस चार्ल्स ऑलकॉक मधे पडला, त्याने हॅरिसची समजूत काढली आणि ६ सप्टेंबर १८८० रोजी ओव्हलवर सामना सुरू झाला. इंग्लंडच्या भूमीवरची ही पहिली कसोटी. ग्रेस १५२, मर्डॉक नाबाद १५३, कर्णधार हॅरिस ५२. इंग्लंड पाच गडी राखून जिंकलं. काठी खाल्लेल्या माणसाने दीड वर्षात एवढं मन मोठं केलं नसतं, तर कसोटी क्रिकेटचा इतिहास इंग्लंडमध्ये उशिरा सुरू झाला असता.

चेंडू फेकणाऱ्या गोलंदाजांविरुद्ध त्याने मोहीम काढली होती म्हणतात?

काढली आणि जिंकली. लँकशरचे काही गोलंदाज, विशेषतः क्रॉसलंड, हात सरळ ठेवून चेंडू टाकत नसून चक्क फेकतात असं त्याचं म्हणणं होतं. पंच बोलेनात, कारण पंच बहुधा जुने पगारी खेळाडू. त्यांचं पोट क्लबांवर. शेवटी १८८५ मध्ये हॅरिसच्या केंटने लँकशरबरोबरचा परतीचा सामनाच रद्द केला. पोट हातावर नसलेल्यालाच असा बहिष्कार परवडतो, ही त्यातली दुसरी बाजू.

तो सैन्यात होता म्हणजे नोकरीला होता का? ‘योमनरी’ ही काय भानगड आहे?

नोकरीला नव्हता. योमनरी म्हणजे स्वयंसेवकांचं घोडदळ, आणि इथे शिलेदार हा शब्द उपमा न राहता सरळ अर्थानेच लागू पडतो. १७९४ मध्ये फ्रान्सच्या स्वारीची भीती होती, तेव्हा परगण्यापरगण्यांत ही पथकं उभी राहिली. घोडा स्वतःचा, किंवा मालकाच्या तबेल्यातला. शिपाई म्हणजे बरी शेती असलेले कुळकरी आणि त्यांची मुलं. अधिकारी म्हणजे त्यांचेच जमीनदार. वर्षातून एकदा आठवडाभर शिबिर, थोडी कवायत, थोडी शर्यत, संध्याकाळी मेजवानी.

हॅरिस होता रॉयल ईस्ट केंट योमनरीत. बेलमॉन्टच्या धन्याने परगण्याच्या घोडदळात अधिकारी असणं हे तिथे गृहीतच असायचं; गावच्या जत्रेत पहिला मान पाटलाचा असतो तसं. गावच्या क्रिकेट संघाचा कर्णधारही तोच असायचा. नांगरणारा माणूस आठवडाभर ज्याच्या जमिनीवर राबे, त्याच्याच हुकमाने शिबिरात घोडा वळवी आणि रविवार सोडून मिळालेल्या सुट्टीत त्याच्याच हाताखाली क्षेत्ररक्षण करी.

आठवड्याच्या शिबिराची मजा सांगितली की योमनरी अगदी गोजिरवाणी वाटायला लागते. तशी ती नेहमी नव्हती. पोलीस दल नीट उभं राहण्याआधी दंगे मोडायला हेच घोडेस्वार बोलवत. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मताधिकार मागणाऱ्या निःशस्त्र सभेत तलवारी उपसून घुसलेलं पथक योमनरीचंच होतं.

हॅरिसचा या विषयाशी संबंध कवायतीपुरता नव्हता. १८८६ ते १८९० या काळात तो ब्रिटिश युद्धखात्यात उपमंत्री होता. त्याआधी काही महिने हिंदुस्थान खात्याचा उपमंत्री.

बोअर युद्धात तो प्रत्यक्ष लढला का?

युद्धावर गेला, पण बंदूक घेऊन टेकड्या चढला नाही.

डिसेंबर १८९९ च्या एकाच आठवड्यात स्टॉर्मबर्ग, मागर्सफॉन्टेन आणि कोलेन्सो या तीन ठिकाणी दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअर शेतकऱ्यांनी इंग्रज फौजेला चोप दिला. बोअर घोड्यावर बसून यायचे, उतरून नेमका नेम धरायचे आणि फौज सावरायच्या आत पसार व्हायचे. गनिमी काव्याचं बाळकडू प्यालेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही, लंडनला मात्र वाटलं. नियमित फौजेकडे असे घोडेस्वार पुरेसे नव्हते. मग २४ डिसेंबरला फर्मान निघालं: योमनरीतून आणि बाहेरूनही स्वयंसेवक घेऊन ‘इम्पीरियल योमनरी’ उभी करायची. पहिल्या तुकडीत सुमारे दहा हजार माणसं गेली.

शिकार येणं आणि युद्ध येणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे लवकरच कळलं. ३१ मे १९०० रोजी लिंडले गावापाशी एक अख्खी बटालियन बोअरांना शरण गेली, तीत उमरावही होते. गोळीपेक्षा विषमज्वराने जास्त माणसं नेली. हौशी क्रिकेटपटूही कामी आले: यॉर्कशरचा फ्रँक मिलिगन मार्च १९०० मध्ये माफेकिंगच्या वाटेवर मारला गेला.

हॅरिस तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा. त्याला इम्पीरियल योमनरीचा साहाय्यक ॲडज्युटंट जनरल नेमलं. म्हणजे माणसं, घोडे, बदल्या, रजा, आजारी आणि जखमी यांचा हिशेब ठेवणारा मोठा कारभारी. काम बिनमखराचं, पण त्याच्याशिवाय दहा हजार घोडेस्वारांचं पान हललं नसतं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मुंबईहून परतल्यावर हॅरिस सेसिल ऱ्होड्सने काढलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींच्या ‘कन्सॉलिडेटेड गोल्ड फील्ड्स’ कंपनीत गेला आणि पुढे बरीच वर्षं तिचा अध्यक्ष होता. युद्धाच्या मुळाशी ट्रान्सवाल या बोअरांच्या राज्यातलं सोनं होतं. तो केवळ देशसेवेसाठी स्वयंसेवक झाला असेल असं मानायला माझी ना नाही, पण हा सेवक त्या भूमीला परका नव्हता.

त्या काळी हिंदी माणसाला असं स्वयंसेवक होता येत होतं का?

नाही, आणि ही तक्रार काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या तक्रारींपैकी आहे. मुंबईत व्हॉलंटियर रायफल्स होत्या, पण त्या गोऱ्यांसाठी आणि अँग्लो-इंडियनांसाठी. सुशिक्षित हिंदी तरुणांनाही स्वयंसेवक पथकांत घ्या, असा ठराव १८८६ मध्ये कलकत्त्याच्या दुसऱ्या अधिवेशनात झाला. सरकारने तो कानाआड केला. बोअर युद्धातच मोहनदास गांधींनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीतले अकराशे हिंदी जमवून स्वयंसेवा देऊ केली, तेव्हा त्यांच्या हाती आल्या त्या डोल्या. कोलेन्सो आणि स्पिऑन कोपच्या लढायांत त्यांनी जखमी वाहिले. जखमी वाहणारे बारगीरही नव्हते आणि शिलेदारही.

मुंबईत पोलो विरुद्ध क्रिकेट असा काही वाद झाला होता?

झाला होता आणि हॅरिसची खरी परीक्षा तीच होती.

आजचं आझाद मैदान ज्या मोकळ्या पट्ट्याचा भाग आहे, त्या एस्प्लनेडवर दर संध्याकाळी पारशी, हिंदू, मुसलमान पोरांचे डझनावारी सामने चालत. शेजारी गोऱ्यांचं बॉम्बे जिमखाना, त्याची हिरवळ कुंपणात जपलेली. पण गोऱ्या साहेबांना पोलोही खेळायचा असे आणि त्यासाठी ते आपलं मैदान वापरत नसत, पोरांचं वापरत. आठवड्यातून दोन दिवस घोडे नाचले की जमिनीला खड्डे पडत आणि उरलेले पाच दिवस चेंडू कुठेही उडे. १८८० च्या दशकभर अर्जविनंत्या झाल्या. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी तो लढा नेटाने चालवला आणि १८९७ मध्ये पारशी क्रिकेटच्या इतिहासात तो नोंदवूनही ठेवला.

१८९० मध्ये खुद्द इंग्लंडचा माजी कर्णधार गव्हर्नर म्हणून आला, तेव्हा लोकांना वाटलं आता न्याय मिळणार. हजारावर सह्यांचा अर्ज गेला. निर्णय लागला पोलोच्या बाजूने.

नंतर त्याने समुद्राकाठी, आजच्या मरीन ड्राइव्हवर, इस्लाम जिमखान्याला आणि हिंदू जिमखान्याला जागा दिल्या. पारशांना ती आधीच, १८८७ मध्ये मिळाली होती. त्यामागचं त्याचं धोरण सरकारी कागदात स्पष्ट आहे: प्रत्येक ‘राष्ट्रीयत्वा’ला एक जिमखाना, त्यापुढे कुणालाही नाही, खेळायचं तर आपापल्या जमातीच्या क्लबात जावं. त्याला ही सोय वाटली. याच चौकटीत पुढे १९०७ पासून युरोपियन, पारशी, हिंदू असे तिरंगी सामने झाले, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी आणि १९३७ मध्ये पंचरंगी. ते बंद व्हायला १९४६ उजाडावं लागलं.

१८९३ च्या दंगलीत तो क्रिकेट पाहत बसला होता, हे खरं की दंतकथा?

दंतकथा म्हणण्याजोगं नाही. ११ ऑगस्ट १८९३ च्या शुक्रवारी जुम्मा मशिदीपासून मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली. गव्हर्नर होता पुण्यात, गणेशखिंडीच्या वाड्यात. म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत. पावसाळाभर सरकार तिथेच असे. तो मुंबईला उतरला नवव्या दिवशी आणि त्यामागचं मुख्य निमित्त क्रिकेटचा सामना होतं, असा ठपका त्याच्या नावावर कायमचा बसला आहे. ‘केसरी’तून टिळकांनी सरकारच्या पक्षपाती धोरणावर कोरडे ओढले. सार्वजनिक गणेशोत्सव वाढला तो याच दंगलीनंतरच्या तापलेल्या हवेत.

एरवी कारभारात त्याचं लक्ष नव्हतं असं कुणी म्हटलं तर मी वाद घालीन, कारण उपमंत्रिपदं सांभाळलेला माणूस कागद वाचत नाही असं होत नाही. पण गव्हर्नर म्हणून तो लोकांना आवडला नाही, हे त्या वेळच्या देशी पत्रांवरून उघड आहे.

तरी त्याला ‘भारतीय क्रिकेटचा जनक’ म्हणतात ते का?

म्हणणारे साहेबी चष्म्यातून पाहतात. पारशांचा ओरिएंटल क्लब १८४८ चा. पारशी संघ इंग्लंडचे दौरे करून आले १८८६ आणि १८८८ मध्ये. व्हर्ननच्या इंग्रज संघाला पारशांनी मुंबईत चार गडी राखून हरवलं ते जानेवारी १८९० मध्ये. हॅरिस बोटीतून उतरला एप्रिलमध्ये. बाळ चालायला लागल्यावर आलेल्या पाहुण्याला बाप कसं म्हणायचं?

त्याचं श्रेय नाकारायचंही कारण नाही. गणेशखिंडीला त्याने क्रिकेट नांदवलं आणि १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असा वार्षिक सामना सुरू झाला. भारतातलं प्रथम श्रेणी क्रिकेट तिथूनच मोजतात. पण आपल्या लोकांना धीराचा खेळ कधी साधणार नाही, असं त्याचं ठाम मत होतं आणि म्हातारपणी आठवणी लिहितानाही ते बदललं नाही.

रणजितसिंहजींना इंग्लंडकडून खेळू देण्याला त्याचा विरोध होता?

१८९६ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीसाठी एमसीसीने, म्हणजे लॉर्ड्सच्या मालक मेरिलबोन क्रिकेट क्लबने, रणजींना निवडलं नाही. त्या निर्णयामागे हॅरिसचा हात होता, असं बहुतेक चरित्रकार मानतात. बाहेर जन्मलेल्या ‘उडत्या पाखरांना’ घेऊ नये हे त्याचं मत सर्वांना माहीत होतं. पुढच्या कसोटीत मँचेस्टरला निवड स्थानिक समितीच्या हाती होती. रणजी खेळले आणि नाबाद १५४ केल्या. हॅरिस स्वतः त्रिनिदादचं पाखरू होता, हे त्याला कुणी ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

खेळाडूंच्या जन्मगावाचा त्याला इतका सोस का?

परगण्याकडून खेळणारा त्या परगण्याचाच हवा, ही त्याच्या डोक्यातली पक्की रेघ. १९२२ मध्ये वॉल्टर हॅमंड ग्लॉस्टरशरकडून खेळत होता तर सत्तरी ओलांडलेल्या हॅरिसने शोधून काढलं की पोरगा जन्मला डोव्हरला, म्हणजे केंटमध्ये. निवासाची अट पूर्ण होईपर्यंत हॅमंडला बसवलं. नियमाने बरोबर, पण एका मोठ्या फलंदाजाचे दिवस वाया गेले.

पळवणकर बाळू आणि हॅरिस कधी समोरासमोर आले का?

दोघं काही वर्षं एकाच पुण्यात होते. १८९२ मध्ये गव्हर्नर गणेशखिंडीला राहत असताना चांभार समाजातला एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कॅम्पातल्या गोऱ्यांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर लागला. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी डावखुरी फिरकी टाकायची. तासन्‌तास टाकली. फलंदाजी कधी मिळाली नाही. लॉर्ड्सवरचा तोच नियम, फक्त इथे त्यावर आपल्या जातीचा दुसरा थर: हिंदू संघात घेतल्यावरही बाळूंना चहा पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या पात्रात मिळे. हा थर हॅरिसने आणलेला नव्हता. तो आपलाच होता.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या कर्णधारपदाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. चौदा प्रथम श्रेणी सामन्यांत दोनच जिंकला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. कॅटफर्डला केंटशी सामना होता, आणि साठ वर्षांचा लॉर्ड हॅरिस खास त्यासाठी पुन्हा पांढरे कपडे घालून उतरला. ३६ धावा केल्या. प्रथम श्रेणीतला त्याचा हा शेवटचा सामना.

हॅरिस शील्ड आणि तेंडुलकर-कांबळी यांची भागीदारी याच स्पर्धेतली ना?

याच. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स, नाबाद ६६४. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. ज्या मैदानावरून पोलोचे घोडे हलवायला हॅरिस तयार नव्हता, त्याच मैदानावर, त्याच्याच नावाच्या ढालीसाठी. पुढे २०१३ मध्ये पृथ्वी शॉने याच स्पर्धेत एकट्याने ५४६ केल्या. धीराचा खेळ यांना साधत नाही म्हणे.

शेवटची वर्षं कशी गेली?

लॉर्ड्सवर. १८९५ मध्ये एमसीसीचा अध्यक्ष, मग विश्वस्त, मग १९१६ पासून मरेपर्यंत खजिनदार. क्रिकेट हा जगातला सर्वांत निर्मळ खेळ आहे, मोकळी हवा आणि ऊन हाच त्याचा वर्ग, अशा अर्थाचं पत्र त्याने ऐंशीव्या वाढदिवसाला ‘टाइम्स’मध्ये लिहिलं. ते आजही इंग्लंडमध्ये उद्धृत करतात. मनापासून लिहिलं होतं यात मला शंका नाही.

१९२६ मध्ये इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्सच्या बैठकीला तोच अध्यक्षस्थानी होता. वेस्ट इंडिज आणि न्यूझीलंडबरोबर भारतालाही कसोटी खेळण्याचं दार उघडलं ते त्याच बैठकीत. २४ मार्च १९३२ रोजी बेलमॉन्टला तो वारला. २५ जूनला लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली. नाणेफेकीला आलेले कर्णधार सी. के. नायडू हे होळकरांच्या फौजेतले अधिकारी होते.